चार काळे ठोकळे



आपल्या या पत्रिकेत मोटारसायकलीविषयीचा लेख, आणि तोही एका शाळेतल्या बाईंनी लिहिलेला, पाहून आपणांस नवल वाटेल. उभे आयुष्य मुलांना बेरीज-वजाबाकी आणि अपूर्णांक शिकविण्यात घालविलेल्या बाईला यंत्रांतले काय कळते, असा प्रश्न कोणी केला तर तो रास्तच आहे. तथापि आपल्यापैकी कित्येकांच्या घरी लष्करी सेवेतून मोकळा झालेला मुलगा साठविलेल्या पैशांतून एके दिवशी दुचाकी घेऊन दारात उभा राहतो, आणि त्या रात्रीपासून आईची झोप उडते. त्या आयांसाठी, आणि वरकरणी न दाखविता तितकेच जागणाऱ्या बापांसाठी, मी हे लिहीत आहे.

आम्ही बीरशेबात राहतो. २०२२ साली माझा धाकटा मुलगा तेवीस वर्षांचा होता. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्याने एक जुनी, चारशे सीसीची मोटारसायकल विकत घेतली. तिच्या जातीला ‘सुपरमोटो’ म्हणतात, असे त्याने मला सांगितले. दिसावयास ती मोठी चमत्कारिक. अंगाने मातीच्या वाटांवर धावणाऱ्या मोटारसायकलीसारखी उंच, सडपातळ, बसावयाची जागा चिंचोळी. चाके मात्र रस्त्यावरच्या गाडीची, सतरा इंची, गुळगुळीत धावांची. मातीच्या गाडीचे पुढचे चाक एकवीस इंची असते. हरणाच्या अंगाला घोड्याचे पाय लावावेत तशी ही योजना मला वाटली.

या प्रकाराचा उगमही त्याने मला ऐकविला. १९७९ साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियात, कार्ल्सबाड येथील शर्यतीच्या मैदानावर, एबीसी या दूरचित्रवाणी कंपनीने ‘सुपरबाइकर्स’ नावाची एक स्पर्धा भरविली. मातीवर धावणारे आणि डांबरावर धावणारे असे निरनिराळ्या प्रकारांतले नामांकित स्वार एकाच मैदानावर आणावयाचे, वाटेचा काही भाग डांबरी आणि काही मातीचा ठेवावयाचा, आणि सर्वांत चौफेर स्वार कोण ते पाहावयाचे, अशी ती कल्पना होती. पुढे १९८५ नंतर अमेरिकेत ही स्पर्धा बंद पडली, परंतु युरोपात, विशेषतः फ्रान्समध्ये, हा खेळ रुजला आणि २००२ पासून त्याची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली. मुलगा हे सारे सांगत असता त्याचे डोळे चमकत होते. माझ्या डोळ्यांसमोर मात्र ठाण्याचा १९८८ सालचा पावसाळा उभा होता.

त्याचे कारण सांगणे भाग आहे. माझा धाकटा भाऊ त्या वेळी सतरा-अठरा वर्षांचा होता. एका मित्राची मोटारसायकल तो अधूनमधून चालवीत असे. त्या गाडीला दोन्ही बाजूंस रस्त्याकडेच्या एका वेल्डरकडून लोखंडी नळीचा भलाथोरला गार्ड बसवून घेतला होता. चांगला वीतभर बाहेर आलेला. गाडी पडली तर पाय वाचावा, हा त्यामागील हेतू. एके संध्याकाळी पावसात वळणावर गाडी घसरली. नुसती घसरली असती तर चार-दोन खरचटण्यांवर निभावले असते. परंतु त्या नळीचे टोक रस्त्याच्या कडेच्या गटाराच्या फटीत अडकले, आणि घसरत चाललेली गाडी जागच्या जागी उलटून भावाच्या गुडघ्यावर आली. तीन महिने तो अंथरुणावर होता. तो गुडघा पुढे कधीच पुरता वाकला नाही.

माझे वडील परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. अत्यंत अबोल मनुष्य. भावाला इस्पितळात दाखल केल्याच्या दुसऱ्या दिवशी ते मित्राच्या घरी गेले, त्या मुलाच्या वडिलांची परवानगी घेतली, आणि अंगणात बसून तो गार्ड करवतीने कापून काढला. घरी आल्यावर एवढेच म्हणाले, “हा गार्ड नव्हता. हा गळ होता.”

तेव्हा मुलाची गाडी पाहून माझ्या मनात काय आले असेल याची आपण कल्पना करू शकाल. मी त्याच्याशी आठवडाभर नीट बोलले नाही. आमच्या ‘ह्यां’नी मध्यस्थी करून पाहिली. मी ऐकले नाही. मुलगाही काही बोलला नाही. तो सकाळी शिरस्त्राण काखेत धरून खाली जाई, आणि इंजिनाचा आवाज गल्लीच्या टोकाला विरेपर्यंत मी स्वयंपाकघरात हातातले काम थांबवून उभी राही.

येथील हवामान आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. उन्हाळाभर पावसाचा थेंब नाही. रस्त्यावर धूळ, टायरांचा रबरी चुरा आणि गाड्यांतून ठिबकलेले तेल यांचा थर साठत जातो. मग पहिला पाऊस येतो तो जेमतेम शिंतोड्यांचा. रस्ता धुण्याइतका नसतो, परंतु त्या थराचे बुळबुळीत सारण करण्याइतका असतो. नोव्हेंबरातील अशाच एका सकाळी, घराजवळच्या चौकात वळसा घेताना मुलाची गाडी डाव्या अंगावर पडली. वेग फार नव्हता. त्याने पडताना हात टेकला आणि डाव्या मनगटाचे एक लहानसे हाड मोडले. प्लॅस्टर बांधून तो घरी आला तेव्हा मी पहिल्याने त्याला जवळ घेतले, दुसऱ्याने बोलावयाचे ते सारे बोलून घेतले.

गाडी मुसाखमधून, म्हणजे गॅरेजमधून, परत आली. गिअरचा दांडा वाकला होता, तो बदलला होता. मागच्या चाकाच्या आसाचा नट डांबरावर घासून एका अंगाने सपाट झाला होता, तोही नवा घातला होता. दोन आठवड्यांनी घरी एक खोके आले. त्यात काळ्या, गुळगुळीत, कठीण प्लॅस्टिकचे चार गोल ठोकळे होते. दोन पेढे एकावर एक ठेवावेत एवढा एकेक. सोबत दोन लांब पोलादी सळया, ॲल्युमिनियमच्या काही वाट्या, आणि नट.

“हे काय?” मी विचारले.

“स्लाइडर,” तो म्हणाला. “गाडी पडली तर तिला इजा होऊ नये म्हणून.”

माझा संताप अनावर झाला. मनगट मोडले आहे याचे, आणि याने खरेदी केले कोणासाठी? गाडीसाठी! आणि शिवाय पुन्हा गार्ड! मी त्याला मामाच्या गुडघ्याची कथा, त्याने शंभर वेळा ऐकलेली, एकशे एकाव्या वेळी सांगितली.

त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, “इमा, तू वर्गात खडू कसा धरतेस?”

प्रश्न अनपेक्षित होता. तो पुढे बोलू लागला. फळ्यावर खडू तिरपा धरून ओढला तर रेघ सुरळीत उमटते. तोच खडू टोक पुढे करून ढकलला तर तो किर्र वाजतो, थरथरतो, आणि कधी कधी मोडतो, कारण त्याचे टोक फळ्यात रुतू पाहते. मामाच्या गाडीची नळी हे रुतणारे टोक होते. लोखंडाची कड भाराखाली डांबरात घुसते, खाचेत अडकते, आणि मग गाडीचा सगळा वेग तिला उलटविण्याच्या कामी लागतो. हा ठोकळा आखूड आहे, गोल आहे, आणि घसरण्याच्या कामी वाकबगार आहे. त्याला रस्त्यात कोठे रुतावयाचे नसते. त्याने गाडीचे वजन अंगावर घेऊन रस्त्यावरून वाहून जावयाचे, आणि जाता जाता स्वतः झिजावयाचे.

“मग रबराचा का नाही? तो मऊ असतो,” मी शिक्षकाच्या सवयीने विचारले.

त्याने टेबलावर माझे खोडरबर दाबून सरकविले. ते अडखळत, उड्या मारीत गेले. मग प्लॅस्टिकची पट्टी तितक्याच दाबाने सरकविली. ती सरळ गेली. गेली कित्येक वर्षे घर्षणाचा धडा शिकविणाऱ्या मला माझ्याच टेबलावर तो धडा मिळाला, हे येथे प्रांजळपणे नमूद करते.

हे ठोकळे ज्या प्लॅस्टिकचे असतात त्यांपैकी एकाचे व्यापारी नाव ‘डेल्रिन’. ड्यू पाँ या अमेरिकन कंपनीने ते १९६० साली बाजारात आणले. ते लेथवर धातूसारखे कातता येते, पाणी फारसे शोषीत नाही, आणि अंगचेच निसरडे असल्याने यंत्रांत लहान दातेरी चाके व बुश करण्यासही वापरतात. नायलॉनचेही ठोकळे मिळतात. ही योजना मुळात शर्यतींतली आहे. तेथील नियमांत आसांची टोके, पाय ठेवावयाच्या दांड्या आणि हॅंडलची टोके अशा प्लॅस्टिकने झाकण्याची सक्ती असते. त्यामागे एक हेतू असा की, एकाच्या पडलेल्या गाडीने वाट ओरखडून मागून येणाऱ्याच्या मार्गात खड्डा पाडू नये. हे ऐकून मला त्या खेळाविषयी प्रथमच थोडा आदर वाटला.

सुपरमोटो गाडीचे अंग चिंचोळे. ती आडवी पडली की जमिनीस टेकतात ती मोजकीच टोके: हॅंडलचे टोक, पाय ठेवावयाच्या दांडीचे टोक, आणि दोन्ही चाकांच्या आसांची टोके. म्हणून कवच तेथेच लागते. सांगाड्याला बसवावयाचे स्लाइडरही मिळतात. परंतु त्यांतील काही इंजिन धरून ठेवणाऱ्या बोल्टावरच बसतात, आणि ते फार लांब असले तर जोराच्या पडण्यात तरफेसारखे काम करून तो बोल्ट वाकवितात, क्वचित इंजिनाचे आवरणही तडकवितात. म्हणजे पुन्हा तीच गळाची गोष्ट. मुलाने याचा विचार करून आसाचेच स्लाइडर निवडले होते. त्याने विचार केला होता, हे मला त्या दिवशी कळले. आठवडाभर अबोला धरून बसलेल्या बाईस हे कळण्याचा दुसरा मार्ग नव्हता.

“पण आता माझी अडचण आहे,” तो म्हणाला. “सळी आसाच्या पोकळीतून आरपार जाते. दोन्ही टोकांना ठोकळा आणि नट. घट्ट करताना एका बाजूचा नट धरावा लागतो आणि दुसऱ्या बाजूचा फिरवावा लागतो. मला हात एकच आहे.” आणि त्याने प्लॅस्टर वर करून दाखविले.

त्याचे मित्र पुष्कळ होते. तो त्यांच्यापैकी कोणालाही बोलावू शकला असता. ते त्याच्याही ध्यानात होते आणि माझ्याही. मी पदर खोचला, असे लिहिले असते, पण येथे आता पदर राहिला नाही. मी बाह्या वर सारल्या.

शुक्रवारची दुपार होती. शब्बाथ लागण्यापूर्वी काम उरकणे आवश्यक होते. माळ्यावरून मी वडिलांची पत्र्याची पेटी काढली. १९९६ साली आम्ही येथे आलो तेव्हा इतर सामानाचे वजन कमी करून मी ती बरोबर आणली होती. आत त्यांचे पाने, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेले. ठोकळ्यातला नट खोल खळग्यात बसत असल्यामुळे साधा पाना तेथे पोचत नाही, नळीचा पाना लागतो. वडिलांच्या पेटीत तसे पाने होते. मी एक लावून पाहिला, सैल झाला. दुसरा लावला, शिरेचना.

कारण उघड होते, पण ते आठवावयास मला वेळ लागला. वडिलांचे पाने इंग्रजांच्या काळातील व्हिटवर्थ मापाचे. त्यांवरचा आकडा इंचांत असतो, आणि तो नटाच्या रुंदीचा नसून बोल्टाच्या जाडीचा असतो. जपानी गाडी मिलिमीटरची. परळच्या जुन्या यंत्रांवर ज्या पान्यांनी तीस वर्षे काम केले, त्यांतला एकही नातवाच्या गाडीला लागू पडेना. मी ते एकेक करून परत फडक्यात गुंडाळले. मुलगा काही न बोलता शेजाऱ्याकडे गेला आणि मिलिमीटरच्या सॉकेटचा डबा मागून आणला.

आता प्रत्यक्ष कृती सांगते, कारण एखाद्या घरी उपयोगी पडेल.

प्रथम गाडी खालून आधार देऊन सरळ उभी केली. आसाच्या पोकळीत जुने ग्रीस व धूळ होती, ती फडक्याने पुसून काढली. आस पोकळ का असतो, असे माझ्या मनात आले, आणि त्याचा हिशेब मी तेथेच जमिनीवर बसून केला. भरीव दांड्याच्या मध्यभागी निम्म्या व्यासाचे भोक पाडले तर त्याचे वजन चौथ्या हिश्श्याने घटते, परंतु वाकण्याला होणारा त्याचा विरोध केवळ सोळाव्या हिश्श्याने कमी होतो. कळकाची काठी हलकी असूनही ताठ का, याचे उत्तर त्यात आहे. मुलगा म्हणाला, “इमा, शब्बाथ लागेल.” मी हिशेब आवरला.

पुढच्या आसातून सळी ओवली. दोन्ही बाजूंच्या वाट्या एकसारख्या नसतात. एकीकडे ब्रेकचा भाग असतो, दुसरीकडे नसतो. म्हणून सोबतच्या कागदावरील आकृती पाहून कोणती कोठे ते ठरविले. मग ठोकळा, मग नट. येथे मुलाने उजव्या हाताने नट लावावयास घेतला आणि तो तिरका चढू लागला.

“थांब,” मी म्हणाले.

लहानपणी वडील मला त्यांच्या पायांशी बसवून कामाला लावीत. त्यांचा एक नियम होता. नट लावताना तो आधी उलटा फिरवावयाचा. फिरविता फिरविता बोटांना एक बारीक ‘टक्’ जाणवते. नटाच्या आट्याचे तोंड बोल्टाच्या आट्याच्या तोंडावरून खाली पडते ती ही जागा. ती कळली की मग सुलटा फिरवावयाचा. पहिले चार-पाच वेढे बोटांनीच, पाना मुळीच लावावयाचा नाही. बोटांनी गेला तर तो सरळ चालला आहे. जोर लागला तर तो तिरका आहे, आणि पान्याने रेटला तर आटे जातात.

मी नट उलटा फिरविला. ‘टक्’ लागले. मुलाला बोट ठेवावयास सांगितले, त्यालाही ते कळले. “हे मला लष्करातही कोणी सांगितलं नाही,” तो म्हणाला. त्याने आजोबांना पाहिले आहे ते छायाचित्रात. तो चार वर्षांचा असताना ते ठाण्यात वारले. त्यांचे पाने निरुपयोगी ठरल्याने मी मघाशी खट्टू झाले होते, ती आता राहिले नाही.

नंतर मी डावीकडचा नट धरून बसले आणि त्याने उजवीकडचा टॉर्क पान्याने आवळला. किती आवळावा हे कागदावर दिलेले असते, आणि प्रत्येक संचाचा आकडा निराळा असतो. आमच्या कागदावर वीस न्यूटन-मीटर होते. म्हणजे पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे आठ किलोंचा भार. अधिक जोर केला तर अधिक सुरक्षितता येते, अशी आपली समजूत असते, ती येथे चुकीची आहे. फार आवळल्यास सळी ताणली जाते आणि ठोकळ्याची बैठक दबते. नटाच्या आत नायलॉनची एक कडी असते. ती आट्यांना घट्ट धरते आणि कंपनाने नट सैल होऊ देत नाही. एकदा काढलेला असा नट पुन:पुन्हा वापरू नये.

मागच्या चाकाचे काम तसेच, परंतु एक गोष्ट ध्यानात ठेवावयाची. साखळीचा ताण कमी-जास्त करण्यासाठी मागचा आस सैल करावा लागतो, त्यामुळे त्या वेळी ही सळी आधी काढावी लागते. कंटाळा करून चालत नाही. शेवटी दोन्ही चाके हाताने फिरवून ती मोकळी आहेत ना, हॅंडल दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून ठोकळा ब्रेकच्या नळीला कोठे लागत नाही ना, आणि नटाचे डोके ठोकळ्याच्या पृष्ठभागापासून चांगले आत आहे ना, हे पाहिले. हे शेवटचे फार महत्त्वाचे. झिजत झिजत ठोकळा नटापर्यंत आला की रस्त्याला पुन्हा लोखंडच लागणार, तेव्हा त्याआधीच तो बदलावयाचा.

हात धुताना मी त्याला म्हणाले, “गाडीचे झाले. आता तुझे काय?”

कारण एक गोष्ट मला एव्हाना स्वच्छ दिसत होती, आणि आपणांसही ती सांगणे हे या लेखाचे मुख्य प्रयोजन आहे. हे ठोकळे गाडीसाठी आहेत. त्यांचा स्वाराला होणारा उपयोग आडवाटेचा. गाडी उलटत नाही म्हणून ती अंगावर येण्याचा संभव घटतो, आणि दांडे शाबूत राहिल्याने घरी परत येता येते. एवढेच. समोरून येणाऱ्या मोटारीपुढे, खांबापुढे किंवा अतिवेगापुढे त्यांचे काही चालत नाही. मुलाचे मनगट त्यांनी वाचविले नसते.

आमचा करार असा झाला. त्याने गाडीसाठी जेवढे पैसे खर्चिले तेवढे मी त्याच्या अंगासाठी घालीन, उरलेले त्याने घालावयाचे. आम्ही दोघे दुकानात गेलो. जाकीट घेताना मी परीक्षेचा पेपर तपासावा तसे आतले शिक्के वाचले. खांदे व कोपरांच्या गाद्यांवर ‘ईएन १६२१-१’ आणि पाठीच्या गादीवर ‘ईएन १६२१-२’ असे असावे लागते. पाठीच्या गादीचे दोन स्तर असतात. ठरावीक आघात केला असता पहिल्या स्तराच्या गादीतून सरासरी १८ किलोन्यूटनांपर्यंत बळ पलीकडे पोचलेले चालते, दुसऱ्या स्तरात ९ पर्यंतच. निम्म्याचा फरक आहे. दुकानदार पहिल्या स्तराची पुरेशी आहे म्हणत होता. मी दुसरी घेतली. हातमोजे तळहातावर कठीण सरकती पट्टी असलेले घेतले. पडताना माणूस हात टेकणारच, तेव्हा निदान हातही ठोकळ्यासारखा सरकावा. शिरस्त्राण जुने झाले होते, शिवाय त्याने एक आघात सोसला होता. तेही नवे घेतले. एकदा जोराने आपटलेले शिरस्त्राण वरून धड दिसले तरी पुन्हा वापरू नये, कारण आतला थर एकदाच चेपण्यासाठी केलेला असतो.

भावाला मी ठाण्याला फोन केला. तो आता पन्नाशी ओलांडलेला. मी सारे सांगितले. “कसला गार्ड लावलास गं ताई?” त्याने जरा भीतच विचारले. मी छायाचित्र पाठविले. बराच वेळ काही उत्तर आले नाही. मग त्याचा फोन आला. “बाबांनी हे पाहिलं असतं तर कापलं नसतं,” तो म्हणाला. त्याने त्या कापलेल्या गार्डाविषयी माझ्याशी इतक्या वर्षांत प्रथमच बोलणे काढले. तो पुढे असेही म्हणाला की, गाडी उभ्याउभ्या कलंडली तर ती नळी पाय वाचवितेच, दोष नळीचा नव्हता, तिच्या लांबीचा होता. मला वाटते त्याचे म्हणणे न्याय्य आहे.

२०२३ च्या मार्चमध्ये, प्लॅस्टर निघून दोन महिने झाल्यावर, एके दुपारी शाळेच्या मधल्या सुटीत माझा फोन वाजला. “इमा, आधी ऐक. मी उभा आहे.” वळणावर बांधकामाची बारीक खडी सांडलेली होती, तिच्यावर पुढचे चाक गेले. तो आणि गाडी वेगवेगळे घसरले. जाकिटाचे कोपर फाटले, हातमोज्याची पट्टी खरवडली, कातडीला काही झाले नाही. गाडी उचलून तो तिच्यावरूनच घरी आला. मी शाळेतून येईपर्यंत त्याने दाराशी दोन्ही सॉकेट काढून ठेवली होती. हात आता दोन्ही धड होते, तरी त्याने माझी वाट पाहिली होती.

मागचा डावा ठोकळा एका अंगाने तिरका झिजला होता, तासलेल्या पेन्सिलीसारखा. नटाचे डोके अजून आत होते, पण फार आत नव्हते. नव्या ठोकळ्याची किंमत हॅंडलच्या एका साध्या दांड्याइतकीही नव्हती. मी पलीकडचा नट धरून बसले, त्याने नवा नट आधी उलटा फिरविला, थांबला, आणि मग सुलटा. मी काही बोलले नाही.

तो झिजलेला ठोकळा मी मागून घेतला. वर्गात घर्षणाचा धडा आला की खोडरबर, पट्टी आणि तो, असे तिन्ही टेबलावर मांडते. मुले त्याच्यावरून बोटे फिरवितात आणि हे काय आहे असे विचारतात.

मला अजूनही भीती वाटते. इंजिनाचा आवाज गल्लीच्या टोकाला विरेपर्यंत मी अजूनही थांबते. ती भीती जावी अशी माझी अपेक्षाही नाही. परंतु पूर्वी त्या भीतीत मी एकटी होते. आता टायरातली हवा पाहिलीस का, साखळी ताणलीस का, पहिल्या पावसानंतर दोन दिवस गाडी घरीच ठेवशील का, असे विचारता येते आणि उत्तर मिळते. ज्यांच्या दाराशी अशी गाडी येऊन उभी राहिली आहे त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की, जाकिटाच्या आतले शिक्के वाचावेत, आणि मुलाला दुसऱ्या बाजूचा नट धरावयास कोणी हवे असेल तर आपण जावे.

लेख लांबला, याबद्दल क्षमस्व. सर्व वाचकांस शालोम.